रिकाम्यापोटी अडतीस

माणसाच्या पोटात, जठराच्या मागच्या बाजूला, एक पिवळट, आडवा, जिभेसारखा अवयव असतो. त्याचं नाव स्वादुपिंड. ज्या पंडितानं हे नाव ठेवलं त्यानं तो बहुधा शिजवून पाहिला असावा. मी तीस वर्षं कोल्हापुरातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, आणि त्या तीस वर्षांत या अवयवाबद्दल कुणी चांगला शब्द काढलेला माझ्या ऐकण्यात नाही.

मी डॉक्टर नव्हतो. डॉक्टर वरच्या मजल्यावर बसत आणि निदान करत. मी तळमजल्यावर, धोबीघराच्या शेजारच्या खोलीत, ते निदान चुकीचं असल्याचे पुरावे तयार करत असे. रक्त, लघवी, थुंकी, जे येईल ते. ते पुरावे कुणी वाचत नसल्यामुळे आमचे संबंध चांगले राहिले.

स्वादुपिंडाचा नेहमीचा कॅन्सर आम्हाला माहीत होता. माणूस हळदीसारखा पिवळा होऊन यायचा. सर्जन पोट उघडायचे, बघायचे आणि परत शिवायचे. याला त्या काळी उपचार म्हणत. पण याच अवयवात दुसरी एक गाठ होते, फार क्वचित. मधुमेह्यांना सुईनं टोचतात ते इन्सुलिन आपल्या शरीरात स्वादुपिंडातच तयार होतं, आणि ही गाठ त्या इन्सुलिन करणाऱ्या पेशींची असते. कुणी मागो न मागो, ती रात्रंदिवस इन्सुलिन ओतत राहते. रक्तातली साखर खाली जाते, आणि मेंदूला तर साखरेशिवाय दुसरं काही खाताच येत नाही. मेंदू उपाशी राहिला की माणूस काय वाटेल ते बोलतो आणि करतो. बहुतेक वेळा ती साधी गाठ असते, कधीकधी कॅन्सर. यातली कोणती, हे काचपट्टीवर बघूनही धड सांगता येत नाही. पुढं ते गाठच सांगते, आणि तेही फुरसतीनं.

हे ज्ञान मला इंगवले गुरुजींमुळे मिळालं. त्याची किंमत त्यांनी भरली.

संस्थान विलीन होऊन आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो आणि मुंबई राज्याबरोबर आम्हाला दारूबंदीही मिळाली होती. दारू प्यायला परवाना लागे. दारूच्या विरुद्ध ओरडायला लागत नसे. त्यामुळे पेठेपेठेत समित्या निघाल्या. शिवाजी पेठेतल्या आमच्या समितीचे चिटणीस होते दत्तोबा इंगवले गुरुजी, प्राथमिक शाळेतले मास्तर. चाळिशीचे, खादीतले, हळू बोलणारे. वर्गात पोरांनी गोंगाट केला तर स्वतःच बाहेर जाऊन उभे राहणारे. समितीचे अध्यक्ष कोळशाच्या वखारीचे मालक होते. त्यांचा आवाज मोठा होता, म्हणून अध्यक्ष.

एके दिवशी सकाळी सहाला समितीची प्रभातफेरी निघाली. गुरुजी पुढं. आदल्या दिवशी त्यांचा उपवास होता आणि सकाळी पोटात पाण्याचा घोट तेवढा. "दारू सोडा, संसार जोडा" ही घोषणा त्यांचीच. पहिल्या चौकापर्यंत ती नीट चालली. दुसऱ्या चौकात ते म्हणाले, "संसार सोडा, दारू जोडा!" मागच्या पन्नास जणांनी सवयीनं तसंच म्हटलं. कुणाच्या काही लक्षातच आलं नाही. मग कोपऱ्यावर गवळी म्हशी पिळत बसले होते, तिथं गुरुजी थांबले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी एका म्हशीच्या शिंगावर अडकवली आणि तिला वाकून नमस्कार केला. लोक हसले. तिथंही निभावलं असतं. पण अध्यक्ष पुढं आले, म्हणाले, "गुरुजी, काय चाललंय हे?" आणि गुरुजी भर चौकात मोठ्यानं बोलले, "तू गप रं! तुझ्या वखारीत चौथ्या पोत्यामागं बाटली हाय, ती आधी बाहेर काढ की!"

बाटली होती हे सगळ्या पेठेला ठाऊक होतं. बोलून दाखवणारा माणूस प्यायलेला असणार, यावर मात्र एकमत झालं. फेरीच्या बंदोबस्ताला आलेल्या हवालदारानं गुरुजींचा दंड धरला. "चला गुरुजी. कुठनं मिळवली हो? न्हाय, सहज इचारतो."

सात वाजता त्यांना तपासणीसाठी आमच्या इस्पितळात आणलं. कामावर होते डॉक्टर सबनीस. त्यांना त्या दिवशी सर्दी होती, म्हणून त्यांनी लिहिलं, 'तोंडाचा वास: संशयास्पद.' चाल डळमळीत, बोलणं असंबद्ध, अंगाला घाम. रक्त काढलं. एक बाटली दारूच्या तपासणीसाठी सरकारी प्रयोगशाळेत जाणार होती. दुसरी साखरेसाठी माझ्याकडे आली, कारण मधुमेह फार वाढला तरी माणूस दारुड्यासारखा वागतो, एवढं पुस्तकात होतं. साखर फार कमी झाली तरी तसाच वागतो हेही पुस्तकात होतं, पण ते पुढच्या पानावर असावं.

मग हवालदारानं दयेपोटी गुरुजींना बशीभर गोडमिट्ट चहा पाजला. पंधरा मिनिटांत गुरुजी उठून बसले, सदरा सारखा केला आणि विचारलं, "मला इथं का आणलंय?" सबनीसांनी नोंद केली: 'चहानंतर शुद्धीवर आला. नशा सिद्ध.'

मी दहाला आलो. रक्तातली साखर मोजणं हे तेव्हा स्वयंपाकासारखं काम होतं. रक्त फाडून गाळायचं, गाळलेलं पाणी तांब्याच्या औषधाबरोबर उकळायचं, मग दुसरं औषध घालायचं की निळा रंग येतो. साखर जास्त तर निळा गडद, कमी तर फिका. तो रंग यंत्रात ठरलेल्या नमुन्याशेजारी ठेवायचा आणि नळीला डोळा लावून जुळवायचा. गुरुजींच्या रक्ताचा रंग धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखा आला. आकडा अडतीस. उपाशी माणसाचा निदान ऐंशी तरी हवा.

आता जे लिहितो ते मी नोकरीत असताना कुणाला सांगितलं नव्हतं. ज्याला सांगायला हवं होतं त्या एकाला सोडून, आणि तेही उशिरा. बाटलीत रक्त पडून राहिलं की त्यातल्या पेशी साखर खातात. हे रक्त तीन तास पडून होतं. पण तीन तासांत त्या निम्म्याहून जास्त साखर खाणार नाहीत, हे मला तेव्हाही कळत होतं. मी करायला हवं होतं ते एवढंच: अडतीस लिहायचं आणि खाली 'पुन्हा रक्त पाठवा' असं लिहायचं. पण आदल्याच आठवड्यात एक आकडा कमी आला म्हणून सबनीसांनी मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "सुतार, मढ्याचं रक्त तपासलंस काय?" तेव्हा मी पाच मिनिटं विचार केला आणि लिहिलं, ब्याऐंशी. आठ आणि दोन, दोन्ही आकडे माझ्या मनातले. अक्षर मात्र फार सुरेख आलं होतं.

साखर ठीक, म्हणजे मधुमेह नाही. मधुमेह नाही, म्हणजे दारू. सबनीसांचा तर्क बिनचूक होता.

गुरुजींना शाळेतून निलंबित केलं. समितीनं ठराव केला, तो अध्यक्षांनी मांडला. सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल पाच महिन्यांनी आला: रक्तात दारू नाही. खटला रद्द झाला. शाळेनं कळवलं की हा अहवाल त्या एका दिवसापुरताच आहे, बाकीच्या दिवसांचं काय?

आणि बाकीच्या दिवसांचं खरंच अवघड होतं. गुरुजींना आपण काय बोललो ते आठवत नसे, पण लोक सांगत. त्यांना वाटलं, मनात कुठंतरी पाप आहे. पापावर त्यांना एकच औषध ठाऊक होतं. गुरुवारचा उपवास होताच, त्यात सोमवार घातला, मग शनिवार. जितके उपवास वाढले तितके झटके वाढले, आणि जितके झटके वाढले तितके उपवास. एकदा रंकाळ्याच्या पायऱ्यांवर पडून हात मोडला. एकदा सकाळी बायकोला ओळखलं नाही. त्यांची मुलगी कुसुम सातवीत होती. वर्गातल्या पोरी तिच्या मागं झोकांड्या खात चालायच्या. तिनं एक दिवस दप्तर फडताळात ठेवलं ते ठेवलंच. परत शाळेला गेली नाही.

खरं निदान केलं ते त्यांच्या बायकोनं, इंदिरावहिनींनी. त्यांचं शिक्षण दुसरी. त्या सबनीसांकडे येऊन म्हणाल्या, "डाक्टर, मी बघतो की रोज. उपाशी असला की असं करतोय माणूस. तोंडात भाकरी गेली की शाना. काकवी पाजली तर अजून लवकर शाना."

सबनीस म्हणाले, "बाई, जेवल्यावर मीसुद्धा शहाणा होतो."

मी तेव्हा तिथंच एक अहवाल घेऊन उभा होतो. सगळे हसले. मीही हसलो.

आठ महिने झाले. एका शनिवारी, दुपारी बाराच्या सुमाराला, गुरुजींना बैलगाडीतून बेशुद्ध आणलं. अंग घामानं भिजलेलं, दातखीळ बसलेली. सबनीसांनी लांबूनच सांगितलं, "हातभट्टीची दिसते. झोपू दे." मी जिन्यात होतो. पाय कसे वळले माहीत नाही. मी वर गेलो, स्वतः रक्त काढलं आणि पळत खाली आलो. यावेळी रक्त पडून राहिलं नव्हतं. आकडा एकतीस. पुन्हा केला, एकतीस. मी कागद घेऊन सबनीसांसमोर उभा राहिलो.

"यंत्र बिघडलंय तुझं," ते म्हणाले.

"मग साहेब, तुमचं रक्त द्या."

हे मी कसं बोललो देव जाणे. बहुधा माझीही साखर उतरली असावी. सबनीसांनी बाही वर केली असती असं मला वाटत नाही, पण शेजारी डॉक्टर माने उभे होते. माने नवे सर्जन, विलायतेत शिकून आलेले, कमी बोलणारे. ते म्हणाले, "द्या की, सबनीस. यंत्राची परीक्षा होईल." पाऊण तासानं सबनीसांची साखर आली एकशे चार. यंत्र ठीक होतं.

पण माने त्या आकड्यासाठी थांबले नव्हते. त्यांनी तोवर गुरुजींच्या शिरेत साखरेचं पाणी सोडलं होतं. सुई शिरेत असतानाच गुरुजींनी डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि अगदी हळू, शाळेतल्या आवाजात म्हणाले, "हजेरी झाली काय?"

वहिनी पलंगाची पट्टी धरून खालीच बसल्या. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगतच होतो की मी."

मान्यांनी तीन गोष्टी बोटांवर मोजून दाखवल्या. उपाशीपोटी झटका येतो. झटक्यात साखर कमी असते. साखर दिली की झटका जातो. तिन्ही जुळल्या तर स्वादुपिंडात गाठ आहे असं धरून चालायचं. मग खात्रीसाठी गुरुजींना मुद्दाम उपाशी ठेवलं. पुस्तकात तीन दिवस लिहिले होते. गुरुजी सोळा तासांत नर्सला शिव्या देऊ लागले. इतक्या आनंदानं शिव्या ऐकून घेतलेल्या मी इस्पितळात पाहिल्या नाहीत.

ऑपरेशन इथंच करायचं ठरलं. मुंबईला न्यायचं म्हणजे वाटेत काय होईल याचा नेम नव्हता. तेव्हा गाठ कुठं आहे हे दाखवणारं कुठलंही यंत्र नव्हतं. पोट उघडायचं, जठर बाजूला करायचं आणि बोटांनी चाचपडायचं, गव्हाच्या पोत्यात खडा शोधावा तसं. मान्यांना ती डावीकडच्या टोकाला लागली. चिंचोक्याएवढी, तांबूस, टणक. त्यांनी ते टोक प्लीहेसकट कापून काढलं. पण गाठ एकच होती की आणखी लपलेली, हे फक्त साखर सांगणार होती, आणि साखर मी.

मी ऑपरेशनच्या खोलीतून बाटली घेऊन खाली पळालो. पाऊण तास लागणार होता. माने म्हणाले, "मी पोट झाकून थांबतो. जा, नीट कर." मी नळीला डोळा लावला. गाठ काढण्यापूर्वी सलाइनमधून साखर देऊनही चव्वेचाळीस होती. आता निळा रंग चांगला भरला होता. एकशे दहा. मी जिना कसा चढलो आठवत नाही. मान्यांनी आकडा ऐकला आणि नर्सला म्हणाले, "सुई द्या." शाबासकी वगैरे काही नाही.

गाठ बरणीत घालून मुंबईला तपासायला पाठवली. उत्तर आलं, "साधी असावी, तथापि निश्चित सांगता येत नाही." गुरुजींनी विचारलं तेव्हा आम्ही त्यांना पहिले दोनच शब्द सांगितले.

शाळेनं त्यांना परत घेतलं. त्याआधी इस्पितळाकडून दाखला मागवला की सदर शिक्षक आता प्यायलेले दिसणार नाहीत. मान्यांनी तोही दिला. समितीनं सत्कार केला. अध्यक्षांनी हार घातला आणि भाषणात म्हणाले की गुरुजींवर आपला विश्वास पहिल्यापासून होता. गुरुजींनी हात जोडले. त्यांची साखर उत्तम होती, म्हणून ते काही बोलले नाहीत.

तीन वर्षं चांगली गेली. चौथ्या वर्षी, एका सकाळी फळ्यावर लिहिता लिहिता ते एकच अक्षर पुन्हा पुन्हा लिहू लागले. पोरांनी वहिनींना बोलावून आणलं. मान्यांनी पोट पुन्हा उघडलं. यकृतात सगळीकडे दाणे होते. मुंबईच्या त्या 'तथापि'चा अर्थ आता लागला. गाठ कॅन्सरचीच होती. फुरसतीनं सांगितलं तिनं.

मान्यांनी मुंबईहून एक औषध मागवलं. प्रयोगशाळेत उंदरांना मधुमेह व्हावा म्हणून ते टोचतात. गुरुजींना टोचलं. आठवडाभर साखर वर राहिली, ओकाऱ्या मात्र थांबेनात, लघवीत दोष दिसू लागला. ते बंद केलं. मग उरला वहिनींचाच उपचार. दर दोन तासांनी भाकरी-गूळ, आणि मध्ये काकवी, दिवसा आणि रात्रीही. रात्रीसाठी त्यांनी गजराचं घड्याळ घेतलं. शिडशिडीत गुरुजी खाऊन खाऊन इतके सुटले की ओळखू येईनात. लोक म्हणत, तब्येत सुधारली. वहिनींना आता माझ्या यंत्राची गरज नव्हती. गुरुजी कुणाला वाकडं बोलले की त्या पेला पुढं करत. पंधरा मिनिटांनी गुरुजी माफी मागत.

मी दर रविवारी सकाळी त्यांच्या घरी जाऊन रक्त काढत असे. माझं ते काम नव्हतं. मी का येतो हे कुणी विचारलं नाही. अशाच एका रविवारी मी रक्त काढलं, बाटलीला बूच लावलं आणि सांगून टाकलं. अडतीस, ब्याऐंशी, सबनीसांची भीती, सगळं. वहिनी चुलीपाशी होत्या. त्यांचा हात थांबला.

गुरुजी हसले. मनमोकळं, मोठ्यानं हसले. "असू दे की रं! त्यात काय एवढं? माफ केलं, जा! सगळ्यास्नी माफ केलं!" आणि माझ्या पाठीवर थाप मारली. ते मला कधी अरे-तुरे करत नसत. मला इतकं हलकं वाटलं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

वहिनींनी मात्र त्यांच्या कपाळाला हात लावला. घाम होता. त्यांनी काकवीचा पेला आणला. गुरुजींनी तो मुकाट प्यायला आणि भिंतीला टेकून बसले. मी उठावं की बसावं, कळेना. बसलो. बाहेर तालमीच्या अंगणात कुणीतरी माती उकरत होतं.

पंधरा मिनिटांनी गुरुजींनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"सुतार," ते म्हणाले, "मगाशी मी काय म्हणालो?"

"माफ केलं म्हणालात."

"ते धरू नका. तेव्हा साखर नव्हती. आता हाय." त्यांचा आवाज नेहमीसारखा हळू होता. "मला राग आलाय. माझं सोडा. मास्तर हाय, मला शाळा परत मिळाली. माझ्या कुसुमला नाही मिळाली. आठ महिने तुम्ही गप्प बसलात. अडतीस हा आकडा लिहायला काय लागत होतं? दोनच तर अंक."

याचं उत्तर मी पुष्कळ शोधलं. आठवडाभर उपाशी राहूनही सापडेल असं वाटत नाही.

त्यांनी फडताळातून कागद आणि टाक काढून माझ्यापुढं ठेवला. "लिहा."

मी लिहिलं: दत्तोबा इंगवले, रक्तातील साखर, रिकाम्यापोटी, अडतीस. खाली सही केली. तारीख कोणती घालू विचारलं, तर म्हणाले, आजची. त्यांनी कागद घेतला, चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं, मास्तर वही तपासतात तसं. मग चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

"इंदिरा," चुलीकडे बघून ते म्हणाले, "ह्यास्नी च्या टाक."